चांदीचं कडं आणि त्यावरचा ठसा

 आज आपण एका अगदी छोट्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत. बोटातल्या अंगठीपेक्षा थोडीच रुंद अशी ही वस्तू. तंबाखू ओढायच्या लाकडी पाइपच्या मानेवर चांदीचं किंवा पांढऱ्या धातूचं एक कडं बसवलेलं असतं, ती ही वस्तू.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, अहो, आपल्या गटांत मिसरी सोडायच्या शपथा घ्यायला लावता आणि रेडिओवर तंबाखूच्या पाइपचं कौतुक सांगता? तसं नाही. तंबाखू ओढायची असो, चघळायची असो की दातांना लावायची असो, ती वाईटच. त्यात आमचं मत बदललेलं नाही. पण त्या कड्याच्या गोष्टीत कारागिरी आहे, व्यापार आहे, खऱ्याखोट्याची पारख आहे. शिवाय मालावर नाव कोणाचं लागतं, हा आपल्या गटांचा रोजचा प्रश्नही तिच्यात आहे. म्हणून ही गोष्ट आम्ही निवडली.

आधी पाइप कसा असतो ते सांगतो. जुन्या सिनेमात बंगल्यातला साहेब तोंडात धरून बसतो, तो पाइप. त्याला एक वाटी असते, तिच्यात तंबाखू भरतात. वाटीला लागून मान असते. वाटी आणि मान एकाच लाकडातून कोरून काढलेली असतात. तोंडात धरायची नळी मात्र वेगळी असते. ती मानेच्या भोकात खुपसतात. जिथे नळी मानेत शिरते, नेमकं तिथे कडं असतं.

बघणाऱ्याला वाटतं, शोभेसाठी घातलंय. शोभा आहेच. पण आपल्या घरातलं मुसळ आठवा. मुसळाच्या टोकाला लोखंडाची वसवी असते, कोणी तिला शेंबी म्हणतं. ती नसेल तर चार दिवस कांडल्यावर लाकूड फुटतं. बैलगाडीचं चाक आठवा. चाकाच्या लाकडी घेरावर लोखंडाची धाव चढवलेली असते. लोहार ती धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, दोघं-तिघं सांडशीने धरून ती चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. चर्रर्र आवाज होतो, धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट आवळले जातात. लाकूड फुटतं ते धाग्याच्या दिशेनं, लांबीत. त्याला बाहेरून धातूनं आवळलं की ते फुटत नाही. पाइपचं कडं हे त्याच वसवीचं आणि त्याच धावेचं लहान भावंड.

आता इतिहासाकडे वळू. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आणली आणि दख्खनमध्ये ती लवकर पसरली. सन १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारात आला होता. तिथे त्यानं तंबाखू पाहिली. उत्तरेत ती त्यानं आधी कधी पाहिली नव्हती. बादशहाला नवलाची भेट म्हणून त्यानं थोडी तंबाखू बरोबर घेतली आणि ती ओढायला एक देखणी नळी तयार करवली. या नळीचं वर्णन त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. नळी सुमात्रा बेटावरच्या आचेहून आलेली, सुमारे तीन हात लांब. तिच्या दोन्ही टोकांना रत्नं जडवलेली आणि मीनाकाम केलेलं. तोंडाशी येमेनच्या अकीक दगडाचा तुकडा बसवलेला, आणि तंबाखू पेटवायचं भांडं सोन्याचं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. सजावट कुठे होती? नळीच्या टोकांना. नळी चिरायला सुरुवात होते तीही टोकांपासूनच. कारागीर कुठलाही असो, जिथे वस्तू कमजोर असते तिथे तो बंद घालतो, आणि बंद घालायचाच आहे तर तो सुंदर करतो. आपल्या सुपाच्या कडेला, टोपलीच्या काठाला, गोधडीच्या किनारीला हेच दिसतं. अकबरानं त्या नळीतून दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी मात्र विरोध केला, असं असद बेग सांगतो. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहानं तंबाखूवर बंदी घातली. बंदी किती टिकली ते आपल्या गावच्या टपऱ्या बघून कळतंच.

ही झाली आपल्याकडची दरबारी नळी. आज ज्याला आपण पाइप म्हणतो, तो छोटा लाकडी पाइप युरोपातला. त्याच्या कड्याची गोष्ट नीट समजून घ्यायची तर आयर्लंड देशात, डब्लिन शहरात जावं लागेल.

आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा बेट-देश. आपल्यासारखाच तोही बराच काळ इंग्रजांच्या राज्यात होता. तिथल्या गोरगरिबांत मातीचे पांढरे पाइप चालत. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकाही चुलीपाशी बसून आखूड नळीचा मातीचा पाइप ओढत. कोणाच्या घरी मयत झाली की रात्रभर जागरणाला आलेल्या लोकांना मातीचे पाइप आणि तंबाखू वाटायची पद्धत होती. रॉसकॉमन भागात नॉकक्रॉगरी नावाचं गाव या मातीच्या पाइपांसाठी प्रसिद्ध होतं. १९२१ मध्ये, स्वातंत्र्याच्या लढ्यात, इंग्रजांच्या फौजेतल्या लोकांनी ते गाव जाळलं आणि तिथला हा धंदा संपला. मातीचा पाइप स्वस्त, पडला की फुटणार, फुटला की फेकायचा. त्याला कडं कोण घालणार? कडं आलं ते लाकडी पाइपाबरोबर, आणि ते मुख्यतः पैसेवाल्या पुरुषांसाठी आलं.

हे लाकूड साधं नसतं. भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांत ब्रायर नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या मुळाशी, जमिनीत, गाठ धरते. ती गाठ खणून काढतात, तुकडे करतात, तासन्‌तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सुकवतात. हे लाकूड आगीला दाद देत नाही, म्हणून वाटी जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंट-क्लोद या डोंगरी गावात ब्रायरचे पाइप मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. तिथल्या कारखान्यांत पाइप घासून चकचकीत करायच्या कामावर बायका असत.

डब्लिनमध्ये १८६५ साली काप आडनावाच्या जर्मन भावांनी ग्राफ्टन स्ट्रीट या बाजारपेठेत पाइपचं दुकान काढलं. १८७० च्या दशकात त्यांच्याकडे चार्ल्स पीटरसन नावाचा कारागीर आला. तो आजच्या लाटव्हिया देशाकडचा. पुढे तो भागीदार झाला आणि दुकानाचं नाव काप अँड पीटरसन पडलं. या पीटरसननं १८९० मध्ये एका नव्या रचनेच्या पाइपसाठी पेटंट मागितलं.

ती रचना अशी. पाइप ओढताना धुरात पाण्याचा अंश असतो, तो नळीतून तोंडात येतो आणि कडू लागतो. पीटरसननं मानेच्या आत, धुराच्या वाटेच्या खालच्या बाजूला, एक छोटी विहीरच खणली. पाणी तिच्यात साचतं आणि कोरडा धूर वर जातो. युक्ती चांगली, पण अडचण लगेच आली. मान आतून पोकळ केली की तिची भिंत पातळ होते. त्यात नळी बाटलीच्या बुचासारखी निमुळती असते आणि दाबून बसवायची असते. निमुळती वस्तू दाबली की ती पाचरीचं काम करते. पाचर लाकूड फोडते, हे आपल्याला जळण फोडताना माहीत आहे. म्हणजे रोज नळी घालताना-काढताना मान फुटायची पूर्ण सोय.

म्हणून या पाइपला धातूचं कडं हवंच. मानेच्या तोंडावर टोपीसारखं बसणारं, काठ आतल्या बाजूला वळवलेलं. नळीचा दाब लाकडावर न येता कड्यावर येतो. नंतर या पाइपची ओळखच ते रुंद, चमकतं कडं झालं. गरजेपोटी आलेली वस्तू दागिना होऊन बसली, तशी.

हे कडं बसवतात कसं, ते आता सांगतो. आपल्यात बांगड्या भरणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आहेत, त्यांना यातली मेख लगेच कळेल.

पहिलं काम मापाचं. मानेभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजायचा. चांदीची पट्टी त्या मापानं कापायची, पण एक केसभर कमी. पट्टी गोल वळवून दोन्ही टोकं जुळवायची आणि त्या फटीवर डाग द्यायचा, म्हणजे झाळायची. आपला सोनार टाकणखार लावून पैंजणाची कडी जोडतो, तसंच हे. चांदी ठोकून ठोकून कडक होते, म्हणून मधूनमधून ती तापवून मऊ करावी लागते. मग कडं एका गोल लोखंडी दांडीवर चढवून लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, म्हणजे ते नेमकं गोल होतं. नक्षी हवी असेल तर ती याच वेळी. कधी कडेनं बारीक दाण्यांची ओळ, कधी वेलबुट्टी, कधी नुसतीच सपाट झळाळी.

दुसरं काम लाकडाचं. मानेचं टोक कड्याच्या रुंदीएवढं घासून अगदी थोडं बारीक करायचं, म्हणजे कडं बसल्यावर लाकूड आणि चांदी एका पातळीत येतात, बोट फिरवलं तर अडत नाही.

तिसरं काम बसवायचं. ताप दिला की धातू फुगतो आणि निवला की आकसतो. चाकाची धाव चढते ती याच नियमानं. पण लोहाराला धाव लाल करता येते. इथे कडं तेवढं तापवलं तर पाइपचं लाकूड करपेल. म्हणून छोट्या ज्योतीवर हलकंच ऊन करायचं, मानेवर टेकवायचं आणि पाइप सपाट फळीवर उभा दाबायचा. दाब सरळच हवा. तिरकं गेलं तर कडं मध्येच अडकतं. फार घट्ट असलं तर पुढच्या लाकडाचा साल निघतो, नाहीतर चांदीचा जोड उकलतो. सैल राहिलं तर गोल फिरत बसतं. सगळं जमलं तर निवताना कडं स्वतःच लाकडाला मिठी मारतं. काही कारागीर जोडीला डिंकासारखा चिकट पदार्थही लावतात.

जुना पाइप चिरला तरी हेच करतात. चीर जिथे संपते तिथे आधी एक बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चिरेत चिकटवण भरून वरून कडं चढवतात. म्हणजे कडं दोन कामं करतं. नव्याला फुटू देत नाही आणि फुटलेलं झाकून धरतं. ही झाली कड्याची हातांना कळणारी कामं. तिसरं काम डोळ्यांनी वाचायचं आहे. ते साक्ष देतं.

ब्रायरचा तुकडा बघून तो किती साली कोरला हे सांगता येत नाही. पण डब्लिनच्या चांदीच्या कड्यावर भिंगातून पाहिलं की बारीक बारीक ठसे दिसतात. एका ठशात मुकुट घातलेली वीणा असते. वीणा हे आयर्लंडचं चिन्ह. हा ठसा असेल तर त्या चांदीत हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी आहे. उरलेले ७५ भाग साधारणपणे तांबं असतं, कारण निव्वळ चांदी फार मऊ. दुसऱ्या ठशात एक बसलेली बाई असते. तिचं नाव हायबर्निया. आपण जशी भारतमाता म्हणतो, तशी ती आयर्लंडमाता. तिसरा ठसा एका अक्षराचा असतो. हे अक्षर दर वर्षी बदलतं, त्यावरून साल कळतं. आणि चौथा ठसा, ज्यानं वस्तू बाजारात आणली त्याच्या नावाचा. काप अँड पीटरसनचा ठसा होता के अँड पी.

यातले पहिले तीन ठसे दुकानदाराला मारता येत नाहीत. ते मारायचा अधिकार डब्लिनच्या सोनारांच्या पेढीला, म्हणजे त्यांच्या संघाला. या संघाला राजाची सनद मिळाली १६३७ मध्ये. त्यांचं तपासणी कार्यालय बरीच वर्षं डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारात होतं. कारागीर आपली कडी तिथे पाठवणार, तिथला परीक्षक प्रत्येक खेपेतून कणभर चांदी खरवडून तिचा कस बघणार, कमी निघाली तर माल मोडीत, बरोबर निघाली तर ठसा. असं कडं पाइपवर चढवायच्या आधीच ठसवून घेणं सोयीचं, कारण ठशाचा ठोका पडला तर खालचं लाकूड चिरडेल.

इंग्लंडमध्ये ही पद्धत त्याहून जुनी. तिथे १३०० सालीच कायदा झाला आणि चांदीवर चित्त्याच्या तोंडाचा ठसा आला. १४७८ मध्ये दर सालच्या अक्षराची भर पडली आणि माल लंडनच्या सोनारांच्या सभागृहात आणून ठसवायचा नियम आला. सभागृहाला इंग्रजीत हॉल म्हणतात, ठशाला मार्क. तोच हा हॉलमार्क. सोनाराच्या दुकानात पाटीवर आपण जो शब्द वाचतो, तो एका इमारतीवरून आला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सगळ्यांनाच चांदीचं कडं परवडत नसे. म्हणून तोच पाइप स्वस्तातही मिळे, पांढऱ्या धातूचं कडं घालून. या धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात सिल्व्हर आहे, म्हणजे चांदी, पण आत चांदीचा कणही नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण. मूळ युक्ती चीनची, १८२० च्या दशकात जर्मनीत ती जमली आणि नाव पडलं जर्मन. दिसायला अगदी चांदी.

या निकेलच्या कड्यांवर कंपनी काय ठसवायची? के अँड पी ही अक्षरं, आणि शेजारी तीन चित्रं. तीन पानांचं गवत, एक शिकारी कुत्रा आणि एक गोल मनोरा. तिन्ही आयर्लंडची ओळखीची चिन्हं. ती एका ओळीत, छोट्या छोट्या चौकटींत, अगदी चांदीच्या ठशांसारखी. लबाडी होती का? तसं म्हणायचं कारण नाही. कंपनीनं या धातूला चांदी म्हणून विकलं नाही. ती चित्रं हॉलमार्क नाहीत, ती निव्वळ सजावट. पण भिंग हातात नसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय कळणार? त्याला चार बारीक चौकोन दिसणार आणि तो म्हणणार, ठसा आहे, म्हणजे माल खरा.

मैत्रिणींनो, इथे आम्ही थांबून थोडं आपल्याकडचं बोलतो. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, गिलट. आमच्या एका गटातल्या ताईंनी मागच्या वर्षी बियाण्याच्या पैशांसाठी आईचे पैंजण मोडायला काढले. लग्नात चांदीचे म्हणून घेतलेले, आत कडीपाशी ठसाही होता. तालुक्याच्या सोनारानं घासून बघितलं आणि निम्मीही चांदी नाही म्हणून सांगितलं. ठसा होता तो दुकानाच्या नावाचा, कस तपासणाऱ्याचा नाही. पावती नव्हती. ज्या दुकानातून घेतले तिथे विचारलं, तर आमचा माल नव्हे, असं उत्तर आलं. त्या दिवशी त्या ताई बैठकीत काही बोलल्या नाहीत. नुसते पैंजण मधोमध ठेवले. सगळ्या जणी आपापल्या अंगावरचं बघत बसल्या.

तेव्हापासून आम्ही दागिन्याचा विषय निघाला की दोन ठशांतला फरक सांगतो. एक ठसा विकणाऱ्यानं स्वतःच मारलेला असतो. दुसरा, विकणाऱ्याशी ज्याचा संबंध नाही अशा तिसऱ्यानं तपासून मारलेला असतो. पहिला म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेव. दुसरा म्हणतो, मी बघितलंय. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोनं सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला २००० साली, चांदीसाठी २००५ साली. सोन्याच्या दागिन्यांना तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. सोन्यावर आता अक्षरं आणि आकडे मिळून सहा चिन्हांचा क्रमांक असतो. मोबाइलवर बीआयएस केअर हे ॲप घेतलं आणि तो क्रमांक टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला एक दागिना घेऊन हे करून बघावं, अशी आमची विनंती. आणि पावती घ्याच. तिच्यावर वजन आणि शुद्धता लिहून घ्या.

आता त्या चौथ्या ठशाबद्दल, नावाच्या. डब्लिनच्या कड्यावर देशाचं चिन्ह म्हणून एक बाई बसली आहे. पण ते कडं कोणी वळवलं, कोणी झाळलं, लाकूड कोणी घासलं, चकाकी कोणी आणली, त्यांचं नाव कुठेच नाही. नाव मालकाचं. सेंट-क्लोदच्या बायकांनी घासलेल्या पाइपवरही कारखान्याचंच नाव. यात नवल नाही. सोलापूर, सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या आयाबायांना विचारा. विडीच्या टोकाला त्या दोऱ्याचा वेढा देतात. ते विडीचं कडंच की. तो दोरा सुटला तर विडी उलगडते. दिवसाला शेकड्यांनी विड्या बांधणाऱ्या त्या हातांचं नाव बंडलावर येत नाही, तिथे मालकाचा छाप असतो. वर तंबाखूची धूळ छातीत जाते ती त्यांच्याच. आपल्या काही गटांनी लाटलेले पापड एका व्यापाऱ्याच्या पिशवीतून विकले जात होते, हे तुम्हाला माहीत आहे. पिशवीवर नाव त्याचं, लाटताना दुखले ते खांदे आपले.

मग बाईचं नाव ठशावर कधी आलंच नाही का? आलं. ठशांचाच विषय आहे म्हणून लंडनच्या एका बाईची हकिकत सांगतो. तिचं नाव हेस्टर बेटमन, जन्म १७०८ चा. तिचा नवरा सोन्याच्या साखळ्या करायचा. १७६० मध्ये तो क्षयानं वारला आणि कामाची हत्यारं तिच्यासाठी ठेवून गेला. हेस्टरला लिहिता-वाचता येत नव्हतं. पदरी मुलं होती. पुढच्याच वर्षी, १७६१ मध्ये, ती सोनारांच्या त्या सभागृहात गेली आणि तिनं स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला, एच बी. पाइप नव्हे, ती चमचे, चहाच्या किटल्या, साखरेचे चिमटे असा घरगुती माल करायची. मुलांना, पुढे सुनेलाही तिनं धंद्यात घेतलं. तीसेक वर्षं काम करून १७९० मध्ये ती थांबली, १७९४ मध्ये वारली. तिचा माल आज संग्रहालयांत आहे. सही करता न येणाऱ्या त्या बाईची दोन अक्षरं अडीचशे वर्षांनी लोक भिंग लावून शोधतात. आपल्या गटाच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या आजींना ही गोष्ट जरूर सांगा.

पण एक नीट समजून घेऊ. नावाचा ठसा म्हणजे नुसता मान नव्हे. त्या सभागृहात नाव नोंदवायचं कारणच हे होतं, की चांदी कमी निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं. म्हणजे हेस्टरनं मान मागितला तेव्हा जबाबदारीही अंगावर घेतली. तिच्या प्रत्येक चमच्यावर तिच्या अक्षरांशेजारी तपासणाऱ्याचा ठसा असे. दोन्ही ठसे शेजारी होते, म्हणून तिच्या नावाला किंमत आली.

आपल्या मसाल्याच्या, चटणीच्या, पापडाच्या पुड्यांवर आता गटाचं नाव यायला लागलं आहे. फार चांगलं झालं. पण नुसतं रंगीत लेबल आणि कमळाचं चित्र छापून भागणार नाही. ते निकेलच्या कड्यावरच्या कुत्र्या-मनोऱ्यासारखं होईल. अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर हवा, तारीख हवी, वजन खरं हवं. तारीख म्हणजे आपलं सालचं अक्षर. नोंदणीचा नंबर म्हणजे तिसऱ्यानं आपल्याला ओळखल्याची खूण. आणि गटाचं नाव म्हणजे हेस्टरची दोन अक्षरं. जमलं तर पुडीच्या मागे ज्या बायकांनी तो माल केला त्यांची नावंही छापा. जागा लागते दोन ओळींची.

आणि माल कमी पडला, खवट निघाला, तर गिऱ्हाईक त्याच नावानं फोन करणार, याचीही तयारी ठेवा. फोन येईल म्हणून नाव छापायला घाबरणाऱ्या काही गटांना आम्ही ओळखतो. त्यांची भीती खोटी नाही. पण फोन व्यापाऱ्याला जात होता तेव्हा पैसेही व्यापाऱ्यालाच जात होते.

पाइप ओढणारे आता जगभर कमी झाले आहेत, आणि ते चांगलंच आहे. डब्लिनची ती जुनी कडी मात्र लोक जपून ठेवतात, विकत घेतात, त्यांच्यावरचं अक्षर वाचून साल काढतात. तंबाखू जळून गेली. ज्यावर कोणीतरी आपलं नाव घालून ते दुसऱ्याकडून तपासून घेतलं होतं, तेवढं उरलं.

पुढच्या बुधवारी आपण जात्यावर बोलणार आहोत, जात्याच्या खुंट्याला आणि मायणीला कोणता धातू लागतो आणि का. तुमच्याकडे जुनं जातं असेल तर ते एकदा नीट बघून ठेवा, आणि बैठकीत दागिन्यांचे ठसे बघायचं विसरू नका. काय सापडलं ते आम्हाला कळवा.